घरगुती गणित-आर्केड : कामाच्या नोंदी

५ जानेवारी

मुलगा आणि भाची यांच्यासाठी घरीच आर्केड कॅबिनेट करतेय, म्हणजे उभ्याने खेळायचं, गणिताच्या व्हिडिओ गेमचं लाकडी यंत्र. त्याला जॉयस्टिक बसवायची नाही. लाकूड आणण्याआधी एवढं एक पक्कं केलं, कारण बाकीचं सगळं कॅबिनेट याच निर्णयाभोवती उभं राहणार आहे.

मुलांसाठीचे गणिताचे गेम बरेच चाळून झाले. बहुतेकांचा साचा एकच: वर ७ × ८, खाली चार उत्तरं, त्यातल्या बरोबर उत्तरावर गोळी झाडा. चार पर्याय असले की डोळे मिटून दाबलं तरी चारांत एकदा लागतंच. त्यात आर्केडचं बटण मुळातच बडवण्यासाठी घडवलेलं. आत स्प्रिंग, खाली मायक्रोस्विच, दाबलं की कडक आवाज. अशा चार बटणांपुढे सहा वर्षांचं पोर उभं केलं की ते गणित सोडवत नाही, तबला वाजवतं. वरून घड्याळ लावलं की विचार करणारं मूल हरतं आणि बडवणारं जिंकतं.

मला उत्तर निवडलेलं नको, हाताने घडवलेलं हवं. म्हणून नॉब. १९७२ च्या पाँग या व्हिडिओ गेमलाही जॉयस्टिक नव्हती, दोघा खेळाडूंना फिरवायला एकेक नॉब होता. म्हणजे मी काही फार जगावेगळं करत नाहीये.

दोन खेळ डोक्यात आहेत. पहिला ‘टॉर्च’: अंधाऱ्या पडद्यावर एक आडवी रेषा, डाव्या टोकाला ०, उजव्या टोकाला १००, मध्ये एकही खूण नाही. वर संख्या येते, समजा ३७. नॉब फिरवून टॉर्चचा झोत ३७ जिथे असेल तिथे न्यायचा आणि बटण दाबायचं. झोतात आलं तर तिथे लपलेला प्राणी दिसतो. दुसरा ‘आयत’: दोन नॉब, एक रुंदीचा, एक उंचीचा. पडद्यावर चौकटींची जाळी. सांगितलेल्या संख्येइतक्या चौकटींचा आयत बनवायचा.

दोन्हीकडे नशिबाने उत्तर लागायला जागा फार थोडी आहे.

८ जानेवारी

मापं घेतली. मोठ्यांच्या कॅबिनेटचं पॅनेल साधारण ९० ते १०० सेंटिमीटर उंचीवर असतं. भाचीला भिंतीशी उभं केलं: उंची ११४, कोपर ६९, डोळे १०४. मुलगा: १३०, ७९, ११९. नेहमीच्या मापाने केलं असतं तर पॅनेल भाचीच्या हनुवटीशी आलं असतं. खांदे उचलून नॉब फिरवत राहिलं की हात भरून येतात, आणि मूल सांगतं की गणिताचा कंटाळा आला. गणिताची त्यात काही चूक नसते.

पॅनेल ६८ वर, पुढच्या बाजूला १० अंश उतार. मुलाला थोडं वाकावं लागेल. म्हणून कॅबिनेट दोन भागांत करतेय: वर पडदा-पॅनेलचा डबा, खाली स्टँड, आणि दोन्ही एम८ बोल्टांनी जोडलेले. पोरं वाढली की मध्ये दहा सेंटिमीटरची चौकट सरकवायची आणि बोल्ट लांब लावायचे.

पडद्याचा मध्य ९२ वर आणि पडदा २० अंश मागे कललेला. हा आकडा असा आला: भाचीचे डोळे मध्यापासून १२ सेंटिमीटर वर आणि ४५ लांब, म्हणजे नजर १५ अंश खाली. मुलाचे २७ वर आणि ५० लांब, म्हणजे २८ अंश. २० दोघांनाही परवडतो.

पोरं पॅनेलला लोंबकळणार हे धरूनच चाललेय. त्यामुळे स्टँडचा पाया पॅनेलच्या पुढच्या कडेच्याही पाच सेंटिमीटर पुढे काढला आहे. कडेवरून सोडलेला ओळंबा पायाच्या आत पडतोय तोवर नुसत्या वजनाने कॅबिनेट पुढे कलंडत नाही. मागे ओढाओढी झालीच तर भिंतीला पट्टा आहे.

१३ जानेवारी

पुठ्ठ्याचं पूर्ण आकाराचं मॉडेल. नॉबच्या जागी बाटल्यांची झाकणं. पोरं खोट्या नॉबवरही तासभर भांडली, त्यातून दोन गोष्टी कळल्या. एक, दोघंही कायम शेजारीशेजारीच उभी राहतात, एकाचा खेळ आणि दुसऱ्याची कॉमेंट्री. त्यामुळे रुंदी ४६ वरून ६० केली. दोन, मुलगा डावखुरा आहे आणि भाची उजवी. मोठा नॉब मधोमध, मोठं बटण दोन्ही बाजूंना एकेक, दोन्हींचं काम तेच.

१९ जानेवारी

बाजूच्या फळ्या कापल्या. १२ मिलिमीटर प्लायवूड. १८ चं एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) स्वस्तात सुबक दिसतं, पण ते जड, आणि त्याची उघडी कड ओल लागली की फुगते. पोरांच्या हाताखाली ते नको.

दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असायला हव्यात, नाहीतर पडदा पिळतो. सुतारकाकांनी सांगितलेली रीत वापरली: एकच फळी जिगसॉने कापायची, कानस आणि पॉलिश पेपरने ती मनासारखी होईपर्यंत घासायची, मग दुसरी फळी ओबडधोबड दोन-तीन मिलिमीटर मोठी कापून पहिलीला क्लॅम्पने जखडायची आणि राउटरला फ्लश ट्रिम बिट लावून फिरवायची. बिटच्या टोकाशी बेअरिंग असतं, ते पहिल्या फळीच्या कडेवरून धावतं आणि पातं दुसरीला तोच आकार देतं. बेअरिंग पहिल्या फळीवरचा खड्डाही तितक्याच निष्ठेने उतरवतं, म्हणून सगळी मेहनत पहिलीवर.

प्लायवूडच्या वरच्या पापुद्र्याची कुसळं निघू नयेत म्हणून कापायच्या रेघेवर मास्किंग टेप आणि टेपवरच पेन्सिलने आखणी. नॉब-बटणांची भोकं होल सॉने, खाली टाकाऊ फळी दाबून धरून, म्हणजे बिट पलीकडे निघताना लाकूड फाटत नाही. सगळ्या कडा ६ मिलिमीटर त्रिज्येने गोल केल्या. भाचीचं कपाळ नेमकं वरच्या कोपऱ्याच्या उंचीवर येतं, तिथे १२.

बटणं घेताना एक बघावं लागतं. खटकन बसणारी ३० मिलिमीटरची बटणं पातळ पत्र्यासाठी असतात. त्यांचे दोन्ही बाजूंचे कान १२ मिलिमीटर लाकडात आतच अडकून राहतात, बाहेर येऊन पकडतच नाहीत. जाड फळीला खालून नट आवळायची जात घ्यावी.

२० जानेवारी

चौकट जोडली. काटकोनात पट्ट्या, गोंद, स्क्रू. गुण्या लावून पाहिलं, दोन्ही कर्ण मोजले, सारखे आले. पुढे.

२७ जानेवारी

नॉबचा दिवस. या सगळ्या प्रकल्पात मला सर्वांत आवडलेलं काम.

‘टॉर्च’चा नॉब गुळगुळीत फिरला पाहिजे. रेषेवर ३७ आणि ३८ यांच्यामध्ये भिंत नाही आणि हातालाही ती लागता कामा नये. त्यासाठी ऑप्टिकल एन्कोडर (दांडा किती फिरला ते विजेच्या संकेतांनी सांगणारा भाग) घेतला, एका फेऱ्याला ६०० पल्स देणारा. त्याच्या दोन वाहिन्या एकमेकींपासून पाव पल्सने मागेपुढे असतात. दोन्हींच्या चढत्या-उतरत्या कडा, म्हणजे संकेत बदलण्याचे क्षण, मोजले की फेऱ्याला २४०० पायऱ्या मिळतात, आणि कोणती वाहिनी आधी बदलली त्यावरून दिशा कळते. त्यावर जड धातूचा नॉब बसवला. टिचकी मारली की थोडा वेळ स्वतःच फिरत राहतो.

‘आयत’चे नॉब उलट हवेत. तिथे रुंदी ४ असते किंवा ५ असते, साडेचार नसते. म्हणून खटक्यांचे मेकॅनिकल एन्कोडर, फेऱ्याला २० खटके. एक खटका म्हणजे एक चौकट. डोळे मिटूनही मोजता येतं: टक, टक, टक, तीनने वाढलं. भाचीला दोन्ही हातात दिले, काहीच न सांगता. गुळगुळीत फिरवताना ती गप्प होती. खटक्याचा हातात घेतल्याबरोबर तोंडाने “एक, दोन, तीन” सुरू झालं.

अंदाज करायला एक नॉब आणि मोजायला दुसरा. पडद्यावर कितीही सूचना लिहिल्या तरी हे काम झालं नसतं.

२ फेब्रुवारी

एन्कोडर आणि बटणं वाचायला प्रो मायक्रो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. त्यातली एटीमेगा३२यू४ चिप यूएसबीवर स्वतःला थेट माउस आणि कीबोर्ड म्हणून ओळख करून देते. त्यामुळे गेमच्या बाजूला वेगळं काही लिहावं लागत नाही; मोठा नॉब म्हणजे माउसची आडवी हालचाल, खटक्यांचे नॉब म्हणजे बाणांच्या कळा.

ऑप्टिकलच्या दोन वाहिन्या इंटरप्टच्या पिनांवर, म्हणजे बदल झाला की चिप हातातलं काम थांबवून लगेच तो टिपते. पोराने जोर लावून सेकंदाला पाच फेरे मारले तरी १२,००० कडा होतात, आणि १६ मेगाहर्ट्झवर प्रत्येक कडेसाठी तेराशेच्या वर क्लॉक सायकल हाताशी राहतात. पुरे. खटक्यांच्या एन्कोडरमध्ये पत्र्याचे स्पर्शबिंदू असतात, ते थरथरतात. तिथे इंटरप्ट न लावता दर मिलिसेकंदाला अवस्था वाचायची आणि जुनी-नवी अवस्था सोळा घरांच्या तक्त्यात ताडून पाहायची. अशक्य बदल आला तर शून्य. खटका पूर्ण झाला तरच कळ पाठवायची.

जोरात फिरवल्यावर टॉर्च मध्येच उलटा पळायचा. कारण आठ बिटांचं (बिट म्हणजे ० किंवा १ ठेवायची एक खोली): साध्या माउस रिपोर्टमध्ये एका वेळी -१२७ ते १२७ एवढंच अंतर मावतं. १५० पाठवायला गेलं की आकडा गुंडाळला जाऊन ऋण होतो. आता १२७ पाठवून उरलेले २३ पुढच्या रिपोर्टसाठी राखून ठेवते.

मुलाला हे सांगताना १९८० च्या पॅक-मॅनचा विषय निघाला. त्यात पातळीचा आकडाही आठ बिटांतच ठेवला होता. २५६ व्या पातळीला पोचलेल्या खेळाडूच्या पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या कचऱ्याने भरून जातो आणि खेळ तिथेच संपतो. “म्हणजे २५५ नंतर आकडेच नाहीत?” आहेत रे, पण त्यांना नववी खोली लागते. मग दोनाच्या पटी मोजत तो झोपायला गेला, त्या दिवसाचा अभ्यास झाला असं मी धरलं.

९ फेब्रुवारी

१९ इंची, ५:४ चा जुना मॉनिटर, १२८० × १०२४. रुंद पडद्यापेक्षा हा बरा, कारण ‘आयत’ची जाळी चौरस आहे. बाहेरच्या १२ व्होल्ट अडॅप्टरवर चालणारा मुद्दाम शोधला. का ते १६ तारखेला. मागच्या १०० × १०० मिलिमीटर अंतरावरच्या भोकांत एम४ स्क्रूंनी आडव्या फळीवर बसला.

पण त्याचं पॅनेल टीएन जातीचं. टीएन खालून बघितलं की काळवंडतं, रंग उलटेही होतात. भाचीच्या उंचीवरून पडद्याची वरची पट्टी वीसेक अंश खालून दिसते, आणि संख्या येणार नेमकी वर. मी उभी राहून बघते तेव्हा सगळं छान, गुडघ्यावर बसले की ३७ चा पत्ता नाही.

यावर जुनी युक्ती आहे: मॉनिटर उलटा बसवायचा आणि चित्र सॉफ्टवेअरने १८० अंशांत फिरवायचं. खालून बघण्याचा दोष मग वरून बघण्याकडे जातो. आता भाचीला संख्या लख्ख दिसते. मुलगा उंच असल्याने त्याला तळाची पट्टी जराशी गडद वाटते, म्हणून तळाशी नुसतं गवत काढून ठेवलं आहे. केबल वरून निघते, तिला ऐसपैस वळण दिलं.

१६ फेब्रुवारी

वीज. घरची २३० व्होल्टची वायर कॅबिनेटच्या आत येऊच द्यायची नाही, हा नियम. पोरं बिजागरी उचकटून आत डोकावणार, ते मी थांबवू शकत नाही. आत १२ व्होल्टच सापडतील एवढं करू शकते. भिंतीशी १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा बंद अडॅप्टर. तिथून एकच वायर आत, फ्यूजमधून दोन वाटा: एक मॉनिटरला, दुसरी बक कन्व्हर्टरमधून (व्होल्टेज उतरवणारा भाग) ५.१ व्होल्ट होऊन रास्पबेरी पाय ४ ला, म्हणजे गेम चालवणाऱ्या छोट्या संगणकाला.

पहिल्यांदा चालू केल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह चमकायला लागलं, म्हणजे पायला व्होल्टेज कमी मिळतंय. कन्व्हर्टरच्या टोकावर मीटर ५.१ दाखवत होता. मधली तार पाहिली. हातात आलेली बारीक जंपर तार होती, काट-छेद ०.०८ चौरस मिलिमीटर. अशा तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. जाऊन-येऊन १.२ मीटर, म्हणजे पाव ओहम. त्यातून २ अँपिअर गेले की अर्धा व्होल्ट तारेतच संपतो. पायला मिळणार ४.६, आणि त्याची तक्रार ४.६३ च्या खाली सुरू होते. हिशेब आणि चिन्ह बरोबर जुळले.

०.७५ चौरस मिलिमीटरची तार टाकली. आता तारेत एक दशांश व्होल्टही जात नाही. मुलाला कागदावर हा गुणाकार करून दाखवला. गणिताच्या कॅबिनेटमधलं पहिलं खरं गणित हेच निघालं.

२३ फेब्रुवारी

‘टॉर्च’ खेळण्याजोगा झाला, पायगेममध्ये (पायथन भाषेत गेम लिहायचं साधन). भाचीला ०–१०० ची रेषा दिली. १२ आला. तिने टॉर्च जवळजवळ ३५ वर नेऊन ठेवला, पूर्ण आत्मविश्वासाने. मग ८० आला, तर तो ९० च्याही पुढे. मुलाचं १२ मात्र १५ च्या आसपास.

हे तिचं एकटीचं नाही. रॉबर्ट सीगलर आणि ज्युली बूथ या मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये नेमकी हीच रेषा मुलांना देऊन पाहिली होती. बालवाडीच्या वयात लहान संख्या ऐसपैस पसरतात आणि मोठ्या उजव्या टोकाला दाटीवाटीने कोंबल्या जातात, लॉगॅरिदमच्या आलेखासारख्या. दुसरीपर्यंत ती मांडणी बऱ्यापैकी सरळ होते. सीगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ मध्ये दाखवलं की १ ते १० च्या सरळ रांगेतल्या घरांचा साधा बोर्ड गेम थोडा वेळ खेळूनही लहान मुलांची ही समज सुधारते. रंगांच्या घरांच्या तशाच गेमने तसं झालं नाही.

यातून खेळाचे नियम निघाले. भाची ०–१० वरून सुरू करणार, मग ०–२०, मग ०–१००. झोताची रुंदी प्रत्येकाची वेगळी: सलग नेमके लागले की अरुंद होते, चुकले की हळूच रुंदावते. चुकल्यावर भोंगा नाही. टॉर्च जिथे होता तिथे फिकी खूण राहते, खरी जागा उजळते, दोन्हींमधलं अंतर दिसतं. एवढंच.

आणि टॉर्च दर वेळी रेषेवर कुठूनही सुरू होतो. शून्यापासूनच सुरू केला तर रेषेऐवजी मनगट पाठ होतं: ५० म्हणजे पाऊण फेरा. हात हुशार असतो, त्याला सोपी पळवाट दिली की डोकं सुट्टी घेतं.

मुलाने एक गोष्ट आपण होऊन शोधली. ४८ आला की तो आधी मधोमध जातो आणि तिथून किंचित मागे येतो. म्हणजे शून्यापासून मोजणं सोडून अर्ध्याच्या आधाराने अंदाज. हे मी शिकवलं नव्हतं, रेषेवर खुणा नसल्यामुळे ते त्याला शोधावं लागलं.

१ मार्च

‘आयत’. जाळी १२ × १२. आला २४. मुलाने ६ × ४ केला. पुन्हा २४, पण आधीचा आयत चालणार नाही. ८ × ३. पुन्हा. १२ × २. आडवा-उभा एकच धरला, नाहीतर हुशार पोर नुसतं वळवून दुप्पट गुण घेतं.

मग १३ आला. दोन्ही नॉब खटखट फिरले. १२, १४, १२, १५. पॅनेलवर हात आपटला. “आई, हे बिघडलंय.”

बिघडलं नव्हतं. १३ चौकटींचा आयत १२ च्या जाळीत होतच नाही, कारण १३ मूळ संख्या आहे आणि १ × १३ बाहेर जातो. त्याचं उत्तर होतं, ते सांगायला त्याच्याकडे बटण नव्हतं. आज संध्याकाळी पॅनेलमध्ये आणखी एक भोक पाडलं आणि पांढरं बटण बसवलं: ‘होत नाही’.

या एका बटणाने खेळच बदलला. आता प्रत्येक संख्येपुढे आधी प्रश्न पडतो, होईल का? १७, १९, २३ ला तो चटकन पांढरं दाबायला लागला आणि मूळ संख्या असं मनात पक्कं केलं. मग २६ आला. सम संख्या आहे, मूळ नाही, तरी होत नाही. २ × १३ मावत नाही. पण २२ होतो, ११ × २. इथे चांगलं डोकं खाजवणं झालं. १ ते १४४ मधल्या फक्त ५९ संख्यांचे आयत या जाळीत बसतात, बाकी ८५ ना ‘होत नाही’. पाढ्यांच्या तक्त्यात इतक्या कमी वेगवेगळ्या संख्या असतात हे मलाही कोड लिहितानाच दिसलं. तक्ता खूप मोठा केला तर त्यात वेगवेगळ्या संख्या किती उरतात, हा प्रश्न गणितज्ञ पॉल एर्डिशने १९५५ मध्ये मांडला होता.

पांढरं बटण बडवून गुण मिळू नयेत म्हणून खेळ ‘होणाऱ्या’ संख्या तीनपट जास्त देतो. आणि होणारी संख्या असताना पांढरं दाबलं तर यंत्र आयत स्वतः हळूहळू भरून दाखवतं. ते बघायला वेळ लागतो, तेवढी शिक्षा पुरते.

८ मार्च

पोरं बटणाने बंद करणार नाहीत, प्लग ओढणार. लिहिता-लिहिता वीज गेली की एसडी कार्ड खराब होऊ शकतं. पायच्या सेटिंगमधून ओव्हरले फाइल सिस्टम चालू केली; आता कार्डावर काहीच लिहिलं जात नाही, सगळे बदल मेमरीत आणि बंद झालं की पुसले. प्रगतीची नोंद वेगळ्या पेनड्राइव्हवर, प्रत्येक उत्तराला एक ओळ. चालू केल्यावर थेट गेम उघडतो, डेस्कटॉप दिसतच नाही.

१६ मार्च

पाण्यातला रंग, भोकांवर आधी लांबी (पुट्टी), मग रंगाचे दोन हात. बटणांवर रंगाबरोबर आकारही कोरले, चौकोन आणि फुली, रंग नीट ओळखता न येणाऱ्या पोरांसाठी. एकच ४ ओहमचा स्पीकर, आवाजाचा नॉब आतल्या बाजूला, माझ्या हाताला लागेल असा.

संख्या आता बोललीही जाते. सत्तेचाळीस म्हणताना आधी सात ऐकू येतो, पडद्यावर आधी चार दिसतो, आणि लहानग्यांचे ४७-७४ इथेच अदलाबदल होतात. रेषेवर हे लपत नाही. आकडे उलटवल्यावर पडणारा फरक नेहमी नवाच्या पटीत असतो, इथे २७. त्यामुळे टॉर्च खऱ्या जागेपेक्षा उलट्या संख्येच्या जवळ पडला तर पेनड्राइव्हवरच्या ओळीत खूण होते. भाचीच्या नोंदीत या खुणा बऱ्याच आहेत, मुलाच्या जवळजवळ नाहीत. तिच्यासाठी आता संख्या ऐकू आल्यानंतर पडद्यावर दहाच्या कांड्या आणि सुटे ठोकळे दिसतात, मगच टॉर्च हलतो.

२२ मार्च

चार-पाच पोरांची जत्रा. सगळ्यात गर्दी ‘आयत’पाशी, कारण दोन नॉब दोघांना घेता येतात. एकाची रुंदी, एकाची उंची, आणि मध्ये कडाक्याची वाटाघाट: “तू पाच कर, मी सात करतो.” हे मी आखलेलं नव्हतं. याला पुढे वेगळा प्रकार म्हणून घ्यावं, एका नॉबवाल्याला बोलायची बंदी करून.

‘टॉर्च’मध्ये भाचीचा १२ आता वीसच्या अलीकडे येतो. ०–१०० वर अजून घाई करत नाही, ०–२० तिला पुष्कळ आहे.

दुरुस्तीच्या यादीत: मोठ्या नॉबचा सेट स्क्रू सैल होतो, कारण एन्कोडरचा दांडा पूर्ण गोल आहे. कानशीने दांड्यावर एक सपाट बाजू करून स्क्रू तिथे टेकवायचा, वर थ्रेड-लॉकचा थेंब. घासताना लोखंडाचा चुरा बेअरिंगमध्ये जाऊ नये म्हणून आधी टेप गुंडाळायची. डाव्या बाजूच्या बटणाचा मायक्रोस्विच बदलायचा आहे, दोनदा दाबल्यासारखं करतो. आणि ‘होत नाही’ला दिवा हवा, तो सध्या बाकीच्या बटणांच्या उजेडात हरवतो.